नावापुरतं लोणी

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. ते आयुष्यभर अक्कलकोट तालुक्यातल्या शाळांमध्ये गुरुजी होते. घरात कानडी, वर्गात मराठी, आणि आमच्याकडे सोलापुरात राहायला आल्यापासून दोन्हींची मिसळ. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे स्वयंपाकघर आप्पांना माझ्याहून जास्त पाठ. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. सकाळी डबा भरून मी पळाले की मागं ओटा आवरायचं काम त्यांचं. ते माझ्यापेक्षा चांगला आवरतात, हे मी त्यांना आजवर कळू दिलेलं नाही.

आमच्या घरात वाढदिवसाची एक रीत आहे. औक्षण झालं की पहिला गोड घास घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं भरवायचा. म्हणजे माझ्या लेकीला तो आप्पांनी भरवायला हवा. पण ती चार वर्षांची असताना एक प्रकार घडला आणि तेव्हापासून त्यांनी तिच्या तोंडात आपल्या हातानं काही म्हणजे काही घातलं नाही. दर वाढदिवसाला ते गोडाची वाटी माझ्या हातात द्यायचे, "तू घाल" म्हणायचे, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि बाजूला व्हायचे.

लेकीला दूध चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. दूध, दही, तूप, लोणी, खवा, यातलं काहीही पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं आणि आप्पांनाही. त्या दिवशी ओळखीच्या एका घरातून शेंगापोळ्या आल्या होत्या. शेंगदाणे आणि गूळ, त्यात दुधाचा काय संबंध? आप्पांनी प्रेमानं तुकडा मोडून तिला भरवला. पोळी भाजताना वरून तुपाचा हात फिरवलेला होता. दोन दिवस दवाखान्यात काढून लेक घरी आली ती हसत आली, पण आप्पा काही त्या दवाखान्यातून बाहेर आले नाहीत. आम्ही घरात दूध आणणंच बंद केलं, चहा कोरा प्यायला लागलो, लेकीची भांडी वेगळी झाली, आणि आप्पांचा हात तिच्या ताटापर्यंत जाऊन मागं यायला लागला.

गेल्या वर्षी तिला नऊ पूर्ण होणार होती. तिनं दोन गोष्टी मागितल्या. एक, चॉकलेटचं असं काहीतरी हवं की ते तिच्या मैत्रिणी आणि ती एकाच पातेल्यातून खातील. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला ती घरून नेलेला डबा उघडून कोपऱ्यात बसते, तो कोपरा तिला आपल्याच घरात नको होता. दोन, पहिला घास आप्पांनी भरवायचा. पहिली मागणी मी मान्य केली. दुसरीला मी "बघू" म्हणाले, आणि आईचं "बघू" म्हणजे काय ते तिला चांगलं कळतं.

चॉकलेटचा शोध तिनंच लावला. मोबाईलवर कोणीतरी बाई अवोकाडोच्या गरात कोको घालून पुडिंग करत होती. दूध नाही, मलई नाही, साखरसुद्धा नाही. मी विजापूर रोडवरच्या फळवाल्याकडे गेले आणि अवोकाडो मागितला. त्यानं गुळगुळीत हिरवी, लांब मानेची चार फळं काढून दिली आणि म्हणाला, "बटर फ्रूट म्हणा की ताई." मी म्हटलं, तू दे, नाव मी बघते.

त्याच संध्याकाळी उत्साहानं एक कापलं. सुरी आत जाईना. जोर लावून फोडलं, मिक्सरमध्ये घातलं, कोको घातला, गूळ घातला आणि चाखलं. रिठ्याच्या पाण्यात खडूची पूड कालवावी तसं लागलं. नवऱ्यानं चमचाभर खाल्लं, बराच वेळ विचार केला आणि विचारलं की हे अंगाला लावायचं आहे का. मी ते सगळं त्याच्याच हातानं कुंडीत ओतायला लावलं. उरलेली तीन फळं पिकतील म्हणून ओट्यावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर ओटा स्वच्छ. फळं नाहीत. आप्पा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वर्तमानपत्राच्या मागं बसले होते.

"आप्पा, ओट्यावरची फळं कुठं गेली?"

"दिली."

"कुणाला?"

"खालच्या मजल्यावर गवळी येतोय न्हवं, त्याला."

मी विचारलं, गवळ्याला का? तेव्हा वर्तमानपत्र खाली आलं. सकाळी फिरायला गेले असताना ते त्या फळवाल्याला गाठून आले होते. "त्यो आपल्याच भागातला निघाला. कानडीत इचारलं, हे काय हाय बाबा? म्हणला, बेण्णे हण्णु. बेण्णे म्हंजी काय ठाव हाय का तुला? लोणी. लोण्याचं फळ हाय ते. लेकराच्या घरात लोणी आणतीस?"

दुधाचं होतं ते दूधवाल्याकडे पोचवलं, असा त्यांचा सरळ हिशेब. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती. इंग्रजीतलं बटर फ्रूट ऐकून आप्पांनी सोडून दिलं असतं, कारण इंग्रजी माणसं कशालाही काहीही म्हणतात असं त्यांचं मत आहे. पण कानडी ही त्यांच्या आईची भाषा. ती खोटं कशाला बोलेल?

माझं डोकं तापलं. दिवसभर फाइली उपसून आलेली बाई जेवढं बोलते तेवढं मी बोलले. म्हटलं, आप्पा, कांदाभजीत भजन असतं का? मऊ आहे म्हणून लोणी म्हणतात, त्यात लोणी नाही. आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलले. "शेंगापोळीच्या नावात कुठं तूप होतं? पोटात निघालंच ना? याच्या नावात लोणी आहे, पोटात काही नाही. नावावरून कळत असतं तर आपल्याला दवाखाना दिसलाच नसता."

बोलून झाल्यावर मला माझीच लाज वाटली. आप्पांनी चष्मा काढला, वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "तवाबी माझी खात्रीच होती की गं."

मी त्यांच्यासाठी कोरा चहा टाकला. तो त्यांनी घेतला, म्हणजे भांडण मिटलं. दुखणं मात्र होतं तिथंच राहिलं.

लेकीनं तिच्या पद्धतीनं काम सुरू केलं. तिनं मोबाईलवर अवोकाडोचं झाड शोधलं आणि आप्पांच्या नाकासमोर धरलं. फांद्यांना फळं लोंबत होती. आप्पा बराच वेळ बघत राहिले. "झाडालाच लागतंय व्हय हे?" म्हणाले. लेक म्हणाली, "मग काय म्हशीला लागतंय?" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खुशाल द्या, आधी थोडं देऊन बघा. मी नवी फळं आणली, त्यातलं एक जरा मऊ होतं, त्याचा नखाएवढा गर लेकीला दिला. आप्पा संध्याकाळभर तिच्या समोर बसून होते आणि पाढे विचारायच्या निमित्तानं तिचे ओठ बघत होते. काही झालं नाही. सतराचा पाढा तेवढा चुकला.

मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, आता तरी भरवाल ना?

"फळाचं न्हाय गं," ते म्हणाले. "फळ चांगलं हाय. तू दिलंस, पचलं. माझ्या हाताचंच भ्या वाटतंय मला."

माणसाला फळाची खात्री पटवता येते, हाताची कशी पटवायची? मला सुचेना. म्हणून मी मला येतं ते केलं, काम लावलं. म्हटलं, आप्पा, माझं एकदा फसलंय, मला सुट्टी नाही, वाढदिवस चार दिवसांवर आलाय. पुडिंग तुम्हीच करा.

ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण स्वयंपाकातलं माझं काही फसलंय म्हटलं की आप्पांना हुरूप येतो. पहिल्यांदा त्यांनी माझी चूक सांगितली. "कच्चं कापलंस. सीताफळ कच्चं खातीस का?" मग फळं कागदात गुंडाळून ज्वारीच्या पिंपात पुरली. रोज सकाळी पिंपात कोपरापर्यंत हात घालून एकेक बाहेर काढायचे, देठाजवळ अंगठ्यानं दाबायचे, "न्हाय अजून" म्हणून परत पुरायचे. कोकोचा डबा त्यांनी भिंगातून वाचला, पुढून, मागून आणि तळाशीसुद्धा. मी आणलेला पहिला डबा परत गेला, त्यात दुधाची भुकटी होती. मला ती दिसली नव्हती, हे इथं कबूल करते.

वाढदिवस रविवारी आला. सकाळी दहाला आप्पांनी अंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून ओट्याचा ताबा घेतला. फळं आता सुरी टेकवली की उघडत होती. आत पोपटी, कडेला हिरवा, मऊ गर. "नाव चुकीचं न्हाय पण," ते पुटपुटले. मी मिक्सर पुढं केला तर त्यांनी तो मागं सारला. त्यात शिरा राहतात म्हणे. त्यांनी पुरणयंत्र काढलं. ते आधी दोनदा उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवून ठेवलं होतं. पुरणयंत्रातून अवोकाडो काढणारा जगातला हा पहिलाच माणूस असावा. पण खरं सांगते, खाली परातीत जे उतरलं ते इतकं रेशमी होतं की मोबाईलवरच्या त्या बाईनं बघायला हवं होतं.

गूळ त्यांनी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घेतला होता. तो घातला, कोको चाळून घातला, नारळाचं घट्ट दूध दोन पळ्या, चिमूटभर मीठ. मग जायफळ किसायला लागले. लेक ओरडली, चॉकलेटमध्ये जायफळ नसतं. "चॉकलेटवाल्यांस्नी सुचलं न्हाय म्हणून नसतंय," आप्पा म्हणाले आणि किसत राहिले. मग ते फेटायला लागले, एका दिशेनं, हात न थांबवता, आणि फेटता फेटता कानडीत काहीतरी गुणगुणायला लागले. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी दारात लसूण सोलत बसले होते. लेक त्यांच्या कोपराशी चवड्यांवर उभी होती. गूळ बेताचा झालाय का, असं स्वतःशीच म्हणत आप्पांनी बोटावर थोडं घेतलं, चाखलं, मान हलवली, पुन्हा बोट बुडवलं आणि "बघ गं बरं," म्हणून ते बोट खाली धरलं. लेकीनं चाटलं. "अजून थोडा," ती म्हणाली. त्यांनी अजून थोडा गूळ घातला आणि गुणगुणणं पुढं चालू ठेवलं.

माझ्या हातातला लसूण तिथंच राहिला. त्यांना कळलंच नव्हतं. लेकीला कळलं होतं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, डोळे केवढे मोठे. मी ओठावर बोट ठेवलं. घड्याळात साडेदहा वाजले होते.

संध्याकाळी लेकीच्या सहा मैत्रिणी आल्या. पातेलं फ्रिजमधून निघालं. एक मुलगी म्हणाली हे चॉकलेटचं श्रीखंड आहे, आणि तेच नाव पडलं. औक्षण झालं. आप्पांनी वाटी उचलली, लेकीसमोर आले, थांबले, आणि वाटी माझ्याकडे वळवली. "तू घाल."

मी हात मागं बांधून उभी राहिले.

"आप्पा, सकाळी तुम्हीच दिलंत की," लेक म्हणाली.

"काय दिलं?"

"बोट. गूळ बघायला. मी अजून थोडा म्हटलं, तुम्ही घातलात."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मला रडू येत होतं आणि ते मी अजिबात लपवलं नाही. "केव्हा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साडेदहाला. जुना मास्तर, त्यांचे ओठ हलले. साडेदहा ते साडेसहा, आठ तास. मग त्यांनी लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ओठ बघितले, गळा बघितला, बाही वर करून दंड बघितला. लेक सगळं बघू देत होती आणि गुदगुल्या होऊन वळवळत होती. सहा मुली वाट्या धरून ताटकळत उभ्या होत्या.

आप्पांनी वाटीतला चमचा काढून ताटात ठेवला. तीन बोटांनी घास घेतला, चांगला मोठा, आणि तिच्या तोंडात घातला. बोटं लगेच काढली नाहीत.

"दुसरा," लेक भरल्या तोंडानं म्हणाली, "पाच वर्षांचे राहिलेत."