सासऱ्यांचं कोपर आणि डुकराची शेपटी

माझ्याकडे रानडुकरांचे बारा फोटो आहेत, आणि त्यांतल्या एकातही रानडुक्कर आहे असं शपथेवर सांगता यायचं नाही. एकात काळा ढग आहे. एकात भिंतीवर डांबर सांडलंय. तिसरा शेजारणीनं उलटा धरून "बाळ गोड आहे हो" म्हटलं होतं.

तरीही जुन्या शिकारीच्या फोटोंपुढे मी मान तुकवत नाही. त्यांतला वाघ काय स्पष्ट असतो! मिशीचे केस मोजून घ्यावेत. असणारच. मेलेला असतो. मेलेलं जनावर हलत नाही, एवढ्या एका सोयीवर त्या साहेबलोकांनी आयुष्यभर छात्या फुगवल्या.

असाच एक फोटो दिघोरीला, माझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर होता. सासरे धानाचे शेतकरी; पण शिकारबंदी येण्याआधी पंचक्रोशीतल्या हाक्याचे म्होरके. पन्नास माणसांनी डबे-थाळ्या बडवत रान ढवळायचं आणि मचाणावर घाम पुसत बसलेल्या साहेबाच्या पुढ्यात जनावर आणून घालायचं, हे त्यांचं काम. साहेबाचं काम फक्त बोट वाकवायचं. फोटोत टोपीवाला साहेब वाघावर पाय देऊन उभा होता, आणि उजव्या कडेला एक कोपर होतं. नुसतं कोपर.

"हे माह्यं," सासरे प्रत्येक पाहुण्याला सांगत.

मी नवा जावई. विचारलं, "मामाजी, बाकीचे तुम्ही कुठे गेलात?"

"कापलं जी. साहेबानं चौकटीत बसवाले फोटो कापला. वाघ पुरा बसला, मी नाई बसलो." हसले, आणि धोतराच्या सोग्यानं काचेवरून कोपर तेवढं पुसलं.

मला चेव आला. मी लाखांदूरच्या शाळेत मास्तर, नवाकोरा कॅमेरा गळ्यात, अक्कल अजून यायची होती. म्हटलं, "मेलेलं जनावर कुणीही काढेल. मी पळतं जनावर काढतो. आणि हाका काढतो. त्यात तुम्ही, डोक्यापासून पायापर्यंत."

"बंदुकीले हिंमत लागते. या डब्याले का लागते?"

"उजेड लागतो, मामाजी."

"उजेड तं धान वाळवाले बी लागते," म्हणून ते उठले. पण दाराशी थबकून मागे न बघता विचारलं, "पुरा? पाय बी?"

"पायसुद्धा."

त्या दिवसांत कापलेल्या धानाचे भारे रचून पुंजणे उभे होते आणि डुकरं ते विस्कटत होती. माझा बेत असा की तलावाच्या पाळीशी, म्हणजे बांधाशी, गुपचूप बसून राहायचं, डुकरं आपसूक येतील. असं एका मासिकात वाचलं होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मुलगी दिल्याचा पश्चात्ताप त्यांना तिथेच झाला असावा.

"बसल्यानं जनावर येते? जनावर का सोयरा हाये? आनाव लागते!"

सकाळी अर्धं गाव डबे घेऊन हजर. बंदुकीसाठी जसा हाका करायचे तसाच त्यांनी कॅमेऱ्यासाठी केला. दुसरा त्यांना ठाऊकच नव्हता. जनावर जितकं जोरात पळेल तितका हाका चांगला! तीनदा रान ढवळलं, तिन्ही वेळा डुकरं तोफेच्या गोळ्यांसारखी माझ्याकडे आली. मी अंतराची रिंग पाच पावलांवर लावेपर्यंत ती दीड पावलावर असत. मग मी धडाधड बटण दाबलं, सासरे-बिसरे पार विसरलो, आणि शेवटचा फोटो तर पळसाच्या फांदीला एका हातानं लोंबकळून काढला. एक चप्पल खाली राहिली. खाली सगळं गाव पोट धरून हसत होतं.

"मास्तर, उतरा! डुक्कर गेलं, आता मुंग्या येऊन राहिल्या!"

भंडाऱ्याच्या स्टुडिओवाल्यानं फोटो देताना विचारलं, "आभाळाचे का?"

अकरा फोटो सासऱ्यांनी पत्ते टाकावेत तसे एकेक खाली टाकले. बारावा हातात राहिला. पुढे काळा फराटा, त्याला दोऱ्याएवढी उभी शेपटी. मागे पाळीवर सासरे. दोन्ही हात वर, हातात काठी, तोंड उघडं, धोतराची निरी न् निरी स्पष्ट, बोटं मोजता येतील असे अनवाणी पाय. हाक्यात बाकीचे सगळे पळत असताना हा एकटा माणूस फोटोसाठी उभा राहिला होता! म्होरक्या थांबला म्हणून रांग तुटली, आणि म्हणूनच त्या शेवटच्या खेपेला डुकरं माझ्या बाजूनं निघून न जाता थेट अंगावर आली. मी दिलेला शब्द विसरलो होतो. ते विसरले नव्हते.

हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि मी निर्लज्जपणे म्हणालो, "सांगितलं होतं ना, पुरे काढीन?"

त्यांनी पाय पाहिले. पुन्हा पाहिले. मग काळ्या फराट्यावर अंगठा ठेवला.

"जवाई, चौकटीत बसवाले हा कापून आना. डुक्कर काढून टाका."

"सगळं?"

त्यांनी ओसरीवरच्या साहेबाकडे एकदा बघितलं.

"नाई. शेपटी राहू द्या. तिले बी पाहुन्याइले दाखवू."