सातव्यांदा आलेला ब्लेझर

मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या अंधेरीच्या कॉलेजने फर्मान काढलं: इंटर्नशिपचं पत्र आणा, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. पत्र आणायचं कुठून, यावर सरांचं उत्तर तयार होतं. "ऑनलाइन नेटवर्किंग करा." मला ती सभ्य भाषेतली भीक वाटायची. पण आमच्या घराण्यात कुणी साहेब नव्हता, म्हणून नाक मुठीत धरून नोकरीच्या एका साइटवर प्रोफाइल उघडलं.

प्रोफाइलला फोटो हवा आणि फोटोत ब्लेझर हवा. वर्गात ब्लेझर एकच होता, मालाडच्या एका मित्राचा. त्याचे वडील शिंपी. त्यांनी लेकासाठी हौसेने शिवलेला, निळा, सोनेरी बटणांचा. लायब्ररीच्या भिंतीपुढे रांग लागली. मला तो इतका ढगळ होत होता, की पाठीमागून कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले. पुढून मी थेट मॅनेजर. "हलू नको गं, चिमटा सुटेल," मित्र ओरडत होता. सगळ्यांचे फोटो तोच काढत होता.

फोटोखाली मी लिहिलं: ध्येयवादी, निकालाभिमुख, नेतृत्वगुणसंपन्न. इंग्रजीत हे आणखी भारदस्त दिसत होतं. आजवर मी नेतृत्व केलं होतं ते कँटीनच्या रांगेचं. मग मोठमोठ्या साहेबांना विनंत्या धाडल्या. महिनाभर एकाचंही उत्तर नाही. हे सगळं थोतांड आहे, असं मी छातीठोकपणे सांगत सुटले.

शेवटी यादीतल्या छोट्या कंपन्यांनाही लिहिलं, तेव्हा मरोळच्या एका कंपनीतल्या मॅडमचा मेसेज आला. "या आठवड्यात हा ब्लेझर सातव्यांदा आलाय. आत कोण आहे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपन्यांची यादी आम्ही सगळ्यांनी एकमेकांची उतरवली होती! आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून खरं ते लिहिलं. आमच्या चाळीत पाणी कधीही येतं. पाणी सोडणाऱ्या काकांनी बटण दाबलं की घरोघरी मेसेज जाईल, असं छोटं ॲप मी केलंय. काका बटण दाबायला विसरतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

"सोमवारी ये," उत्तर आलं.

मी वर्गात नाचले. मित्राने टाळी दिली. "झकास ना यार!" मग हळूच म्हणाला, "मी पण लिहिलं होतं गं त्यांना." त्याला अजून कुठूनच पत्र मिळालं नव्हतं. ज्याचा ब्लेझर खरोखर त्याचा होता, तोच आमच्या गर्दीत नकली ठरला होता, आणि चिमटे लावलेली मी आत. माझी मलाच लाज वाटली.

तिथेच बाकावर बसून मी मॅडमना लिहिलं: "त्या सातांत एकाचा ब्लेझर खरा आहे, वडिलांनी शिवलेला. माझ्या ॲपमधल्या अर्ध्या चुका त्यानेच शोधल्यात." त्या साइटवर मी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागत नव्हते. भीक वगैरे अजिबात वाटली नाही. उत्तर येईपर्यंत मात्र जीव टांगणीला लागला.

"जागा दोन आहेत. त्यालाही आण. ब्लेझर नको म्हणावं, इथे एसी नाही."

सोमवारी तो माझ्याआधी मरोळच्या गल्लीत उभा होता. ब्लेझरची सगळी बटणं लावलेली, घामाने निथळत.

"अरे, नको म्हणाल्या होत्या ना?"

"पप्पांनी सकाळी उठून इस्त्री केली गं," तो म्हणाला.