बिनलेबलाच्या चार बाटल्या

माझ्या बायकोच्या मते दारू दोन प्रकारची असते. एक लोक पितात ती आणि एक मी जमवतो ती. पहिली वाईट, कारण ती संपते आणि माणूस बिघडतो. दुसरी त्याहून वाईट, कारण ती संपतच नाही आणि दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसावी लागते.

मी अमरावतीला वकिली करतो. दिवसभर भावाभावांच्या वाटणीचे दावे ऐकतो, शेताच्या धुऱ्यावरच्या एका बाभळीसाठी तीन पिढ्या भांडलेली माणसं बघतो. संध्याकाळी डोकं शांत करायला माणसाला काहीतरी लागतंच. कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं. मी बंद पडलेल्या कारखान्यांची व्हिस्की जमवतो. स्कॉटलंडात ऐंशीच्या दशकात बरेच छोटे कारखाने बंद पडले. माल खपेना, मालकांनी कुलपं लावली. पण पिंपात भरून ठेवलेला माल तसाच राहिला, वर्षानुवर्षं मुरत पडला आणि मग दुसऱ्याच व्यापाऱ्यांनी तो बाटल्यांत भरून विकला. आता ती भट्टी नाही, ते कामगार नाहीत. जेवढ्या बाटल्या जगात उरल्यात तेवढ्याच. एक फोडली की एक कमी.

हे सगळं मी माझ्या मित्राला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे आपली शकुंतला रेल्वे बंद पडली अन् तू तिचं तिकीट जपून ठेवून राहिला. बसाले मात्र भेटनार नाई."

हा मित्र मूर्तिजापूरचा. तिथे त्याचं बियाण्यांचं आणि औषधांचं कृषी केंद्र आहे. कॉलेजात आम्ही होस्टेलला एका खोलीत होतो आणि तेव्हापासून त्याच्या नाकाचा दरारा आहे. मूठभर कापूस नाकाशी धरून त्यावर पाणी मारलंय की नाही हे तो सांगायचा. होस्टेलच्या मेसमध्ये वरण कालचं आहे हे तो दारातूनच ओळखायचा आणि मेसवाल्याशी भांडण मात्र मी करायचो.

व्हिस्कीतही तेच झालं. जमवलेल्या बाटल्यांना हात लावायचा नाही, प्यायला दुसरी साधीच असायची. बाटली माझी, ग्लास माझे, पुस्तकं वाचून आलेलं ज्ञान माझं, पण नाक त्याचं. तो ग्लास हुंगायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "भिजलेलं बारदान. मंग गूळ. मंग थोडं आयोडीन." मी लगेच माझा ग्लास हुंगून गंभीरपणे मान डोलवायचो. "बारदान तर आहेच," मी म्हणायचो. खरं सांगायचं तर मला फक्त दारूचा वास यायचा. पण इतकी वर्षं मी त्याची री इतक्या सफाईनं ओढली की चार लोकांत जाणकार म्हणून मिरवायचो मीच.

बाटल्या यायच्या भाच्याकडून. तो परदेशात असतो, येताना एखादी आणायचा. नागपूरच्या विमानतळावरून त्याला आणायला मी स्वतः गाडी घेऊन जायचो आणि परत येताना माझं लक्ष फक्त किलोमीटरच्या दगडांकडे असायचं. कारण अमरावतीच्या रस्त्यात वर्धा जिल्ह्याचा तुकडा लागतो आणि तिथे दारूबंदी. माझ्याकडे परवाना आहे, कायदा मला पाठ आहे, तरी तो तुकडा ओलांडेपर्यंत मी चहालाही गाडी थांबवत नसे. भाच्याची लघवी तुंबायची, पण मामा ऐकत नसे.

अशा चार बाटल्या माझ्याकडे होत्या. त्यातली एक आमच्या दोघांची, सामायिक. समुद्रकाठच्या एका कारखान्याची, जो आम्ही होस्टेलला असताना बंद पडला. एकदा भाच्याने तिच्यातली थोडीशी एका चिमुकल्या शिशीतून आणली होती. मित्रानं ती चाखली, रिकामी शिशी पुन्हा पुन्हा हुंगली आणि माझ्याही नाकाशी धरली. मग म्हणाला, "हे पूरी बाटली माह्या साठीले फोडू. त्याच्या आंधी कोनी हात लावला तं पाह्य." पुढच्या खेपेला भाच्यानं ती आणली. त्या दिवसापासून तो साठीची वाट बघत होता. लोक साठीला घाबरतात, हा फोनवर विचारायचा, "बाटली बरी हाय ना?"

बरी ठेवणं सोपं नव्हतं. आमच्याकडचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. बाटलीचं बूच आक्रसतं, आतला माल हळूहळू उडून जातो. म्हणून मी मागच्या खोलीत कूलर लावला. वऱ्हाडी माणूस उन्हाळ्यातल्या कुठल्याही संकटावर कूलर लावतो, मीही लावला. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, दुपारभर पाणी मारलं. घरात आम्ही दोघं पंख्याखाली घामाघूम आणि बाटल्या गारव्यात. बायको एकदा म्हणाली, "पुढच्या जन्मी मला बाटली करा."

कूलरच्या ओलीनं लेबलांचा डिंक सुटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेबलं लोंबायला लागली, त्यांना कसर लागली. मी मागच्या खोलीत फक्त बघायला जायचो, तेही दारातून, देवदर्शनासारखं. मला काही दिसलं नाही.

दिसलं ते बायकोला, दिवाळीच्या साफसफाईत. ती अकोल्याची, भिक्षुकाच्या घरातली, शाळेत गणित शिकवते आणि अर्धवट काही तिला सहन होत नाही. आमच्या घरी काचेची कुठलीही बाटली आली की तिचं लेबल निघालंच पाहिजे असा रिवाज आहे. मधाची असो, लोणच्याची असो, गरम पाण्यात सोडा टाकून बुडवायची, तारेच्या घासणीनं घासायची, उन्हात पालथी घालायची. मी कोर्टातून आलो तेव्हा माझ्या चार बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या होत्या. सीलबंद, लखलखीत आणि पूर्ण नागव्या.

"काय चकाकतायत बघा," ती म्हणाली.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या घराची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला एवढं आठवतं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कूलर कोणी लावला होता?"

मी एकेक बाटली उचलून उजेडात धरली. चारही बाटल्या एकाच व्यापाऱ्यानं भरलेल्या, एकाच घाटाच्या, बुचावर एकच काळी टोपी. आतला रंग सगळ्यांचा उन्हात वाळलेल्या गवतासारखा, उन्हाळ्यानं पातळीही सगळ्यांची सारखीच उतरवलेली. मोबाईलमध्ये लेबलांचे फोटो होते, पण कोणतं लेबल कोणत्या बाटलीचं ते फोटो सांगेना. आमची सामायिक बाटली कोणती, हे आता एकच गोष्ट सांगू शकत होती. मित्राचं नाक.

मी त्याला फोन केला. तो खो खो हसला. "वहिनीनं बरं केलं," म्हणाला. "फोडा लागतीन आता चारी. तू तं जलमात फोडल्या नसत्या. माह्या साठीले घेऊन ये, मी सांगतो कोनती कोन."

साठीच्या आठवडाभर आधी तो कामानिमित्त अमरावतीला आला आणि आमच्याकडे चहाला थांबला. बायको फोनवर बोलत होती, गॅसवरचं दूध बुडाला लागलं. तिनं बोलण्याच्या नादात तेच दूध घालून चहा केला, कप देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. घरभर करपट वास सुटला होता. मित्रानं बशीत ओतून सगळा चहा संपवला.

"वहिनी, च्या फर्स्टक्लास," तो म्हणाला.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ज्या माणसानं कालचं वरण दारातून ओळखलं, तो माणूस करपलेल्या दुधाचा चहा मिटक्या मारत प्यायला होता. तो गेल्यावर ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी त्यांना तो मोठा ताप आला होता ना? तेव्हापासून मूर्तिजापूरच्या वहिनींची तक्रार आहे. अत्तराचा फाया दिला तरी भाऊजी काही म्हणत नाहीत, म्हणून त्या रुसल्या होत्या. मला तेव्हा हसू आलं होतं."

मला फार वाईट वाटलं. त्याचं नाक गेलं याचं तर वाटलंच, पण त्यानं ते मलाही सांगितलं नाही याचं जास्त वाटलं. मग कळलं की सांगणार कसं? आयुष्यभर ज्याच्या जोरावर माणूस ओळखला गेला, ते गेलं हे सांगायला तोंड कुठून आणायचं? मी ठरवलं, साठीच्या दिवशी तो ज्या ग्लासावर बोट ठेवील, तीच बाटली. मी हो म्हणायचं. हो म्हणण्याचा मला सराव होताच.

साठीशांत सकाळी घरी झाली, होम झाला, औक्षण झालं. दुपारी सगळी मंडळी शेतात रोडग्यांच्या जेवणाला. एकीकडे गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते, चुलीवरच्या मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजत होती, पाहुणे निंबाखाली सतरंजीवर लवंडले होते. आम्ही तिघं धुरापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, तुरीच्या कडेला बसलो. मित्राची बायको पंगतीच्या गडबडीत होती. माझ्या बायकोनं चारही बाटल्या फोडल्या. "पाप मी केलं, आता प्रायश्चित्तही मीच घेते," असं म्हणत तिनं चार ग्लासांत थोडी थोडी ओतली. तिच्या माहेरच्या कुणी हे बघितलं असतं तर अकोल्यात पुन्हा एक होम करावा लागला असता.

मित्रानं एकेक ग्लास नाकाशी नेला. तेच डोळे मिटणं, तेच मान तिरकी करणं. मला ते बघवेना. तिसऱ्या ग्लासाशी तो थांबला.

"हेच," म्हणाला. "बारदान. गूळ. तेच हाय."

"हेच," मी म्हणालो. बायकोनं मान खाली घातली.

"घे ना मंग, पाह्य," त्यानं ग्लास माझ्याकडे सरकवला. मी हुंगला. वास गोड होता, पेढ्यासारखा. छान होता. मी मान डोलवली, आणि उगीच, हात रिकामा होता म्हणून, पहिला ग्लास उचलून नाकाशी नेला.

आणि मी जागीच थांबलो. कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण मला माहीत होतं. त्या चिमुकल्या शिशीतला वास हाच. तो इतकी वर्षं ज्याची वाट बघत होता, ती बाटली ही होती आणि तो दुसरीच पिणार होता. त्याला काही फरक पडला नसता. मी गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. पण मला ते जमेना.

"नाही रे," मी म्हणालो. "ते नाही. हे. पहिलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता चिडतो.

"पक्कं?"

"पक्कं."

"तीस वर्सं झाले," तो म्हणाला, "मी शेन म्हनलो तं तू शेन म्हनला. मी अत्तर म्हनलो तं तू अत्तर म्हनला. मले काय समजत नव्हतं काय? आज पयल्यांदा तू नाई म्हनला." मग त्यानं तिसरा ग्लास बाजूला ठेवला. "मले काईच येत नाई लेका. त्या तापापासून. वावरात उभा राह्यतो तं वावराचा वास येत नाई. नातू झाला, त्याच्या टाळूचा वास नाई घेतला मी. इथं बी अंदाजानंच ठोकलं. मले वाटलं तू हो म्हनशीन अन् भागून जाईन."

बायको उठून पंगतीकडे गेली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला कुणाला दाखवायचे नव्हते. मित्रानं पहिला ग्लास हातात घेतला, एक लहानसा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. मग गिळला.

"गरम लागते," म्हणाला. "बस. आता तू सांग."

"मला नाही रे तुझ्यासारखं सांगता येत."

"माह्यासारखं नोको सांगू. तुले काय येते ते सांग."

मी पुन्हा हुंगलं. बारदान आठवलं, ते मी बाजूला सारलं. ते त्याचं होतं. "कंदील," मी म्हणालो. "होस्टेलला लाईन गेली की आपण लावायचो तो. काच राखेनं पुसून लावली की पहिला धूर यायचा, तसा."

"मंग?"

"मंग मीठ. मालधक्क्यावर मिठाची पोती ओली होतात ना, तसं. अन् त्याच्या मागून संत्र्याचं साल चुलीत टाकल्यासारखं."

त्यानं डोळे मिटले होते. ग्लास ओठांशी होता, पण तो पीत नव्हता. मला पुढे काही सुचेना, मी थांबलो. पंगतीतून कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं.

"थांबू नोको," तो डोळे न उघडता म्हणाला. "तू थांबला का वास जाते."

मी बोलत राहिलो. रोडगे गार झाले.