फुगेवाल्या शेटची पगारी टीम

मैदानात पाऊल टाकायच्या आधी शेट पायातल्या चपला काढून हातात घ्यायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आता हे देवळात शिरल्यासारखे हात जोडणार. तसलं काही नसायचं. या गोलपासून त्या गोलपर्यंत ते सगळं मैदान अनवाणी चालून जायचे आणि पायाला काही टोचलं की वाकून तो खडा खिशात टाकायचे. सामना सुरू होईपर्यंत त्यांच्या सदऱ्याचा खिसा लोंबायला लागलेला असायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "मला टोचतंय तर पोरांना टोचणार नाय का?"

आपण फुटबॉल टीमचे मालक पाहतो ते टीव्हीवर. काळा चष्मा लावून काचेमागे बसणारे, गोल झाला की शेजारच्याला मिठी मारणारे. आमच्या शेटचा आशागडला फुगे बनवायचा लहानसा कारखाना होता. वाढदिवसाला भिंतीवर लावतात ते फुगे. डहाणूत त्यांना सगळे फुगेवाला म्हणायचे आणि त्यांनी टीम काढली तेव्हा, हा पण एक फुगाच, असं म्हणून टाळ्या देणाऱ्यांत मीही होतो.

मी तेव्हा तलासरीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. बदल्या चुकवत चुकवत बारा-तेरा वर्षं त्याच शाळेत काढली होती. राहायला डहाणूला, शाळेत जायला मोटारसायकल. २०१४ साली आमच्या गावातल्या स्पर्धेला बक्षीस वाटायला म्हणून शेटना बोलावलं होतं. त्यांनी ढाल दिली, भाषण टाळलं आणि गोलकीपरचं नाव विचारून घेतलं. दिवाळीनंतर ते त्या पोराला शोधत परत आले, तर पोरगा गुजरातेत मासेमारीच्या बोटीवर गेलेला. निम्मी टीम बोटींवर, उरलेली आईबापांबरोबर वीटभट्टीवर. आमच्याकडे हे दरवर्षीचंच. मला त्यात नवल वाटायचं कधीच बंद झालं होतं. शेट मात्र माझ्या वर्गाच्या दारात उभे राहून गैरहजर पोरं मोजत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात ते पाड्यापाड्यावर फिरले. बरोबर मला घेतलं, कारण पोरं माझी. गोलकीपरच्या बापाला त्यांनी सांगितलं, की बोटीवर मिळतो तेवढा पगार मी महिन्याच्या महिन्याला देतो, पोराला खेळायला ठेवा. बापाला पगार कळला, खेळ कळला, पण दोन्ही एकत्र कळेना.

"खेळायचा पगार. बरं. मग काम काय करायचं त्याने?"

"हेच काम," शेट म्हणाले.

बाप माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. मी मान हलवली की त्या पाड्यांवरची पोरं शाळेत यायची, तशीच ती शेटकडे गेली.

तालुक्यात टीमला टी-शर्ट देणारे पुष्कळ होते. छातीवर टीमचं नाव आणि पाठीवर देणाऱ्याचा फोटो. शेटना त्या टी-शर्टांची चीड होती. "बक्षीस देतो तो पाहुणा. पगार देतो तो मालक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलून थांबले असते तर ठीक होतं, पण त्यांनी हजेरीपट आणला. पोरांनी रोज सही करायची, रजा हवी तर अर्ज लिहायचा. अर्ज लिहायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. महालक्ष्मीच्या जत्रेच्या दिवसांत अठरा पोरांचे अठरा अर्ज आले आणि सगळ्यांनी एकच कारण लिहिलं होतं, पोटात दुखतंय. शेटनी ते सगळे मंजूर केले. मग स्वतःही जत्रेला गेले आणि सगळी पोटं तिथे पाळण्यात बसलेली पाहून आले.

सराव नरपडच्या किनाऱ्यावर चालायचा. ओहोटीला ओली वाळू घट्ट होते, तेवढंच त्यांचं मैदान. त्यामुळे सरावाची वेळ घड्याळावर नसायची. कधी पहाटे, कधी भर दुपारी. तलासरीकडची पोरं कारखान्याच्या टेम्पोत फुग्यांच्या खोक्यांमध्ये बसून यायची. रेल्वेतून निवृत्त झालेला एक जुना खेळाडू शेटनी शिकवायला ठेवला होता. तो कडक होता, पण पोरं त्याला सोडून शेटना घाबरायची, कारण शेट ओरडत नसत. हरलेल्या सामन्यानंतर ते सगळ्यांना उसळपाव खायला घालत आणि स्वतः काही खात नसत.

तीन वर्षांत ती टीम खरोखर चांगली झाली. हे मी मास्तर म्हणून सांगत नाही. वसई-विरारकडच्या टीमा आमच्या पोरांबरोबर खेळायला टाळाटाळ करू लागल्या होत्या. तेव्हा शेटनी मुंबईतल्या एका पगारी लीगमध्ये अर्ज केला. लीगमध्ये प्रवेश मिळाला तर जाहिरातदार मिळणार होते आणि टीम स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. नाही मिळाला तर फुग्यांच्या जिवावर अठरा घरं आणखी चालवणं शक्य नव्हतं. शेटनी हे मला स्वच्छ सांगितलं होतं.

लीगचा एक नियम होता. टीममध्ये सहा जण एकोणीस वर्षांखालचे हवेत, म्हणून सगळ्यांचे जन्मतारखेचे शाळेचे दाखले तपासायचे. शेट फाइल घेऊन गेले. तिथल्या माणसाने एक दाखला बघितला, दुसरा बघितला, मग सगळे टेबलावर पसरले. अठरापैकी चौदा पोरांची जन्मतारीख एकच. एक जून.

तुमच्यात कुणी जुने शिक्षक असतील तर त्यांना पुढचं सांगायला नको. जूनमध्ये आम्ही पोरं गोळा करायला पाड्यांवर जायचो. आई सांगायची, भात लावायच्या दिवसांत झाला. कुठल्या साली, ते तिला ठाऊक नसायचं. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. सहा वर्षं मागे मोजायची आणि रजिस्टरात एक जून लिहून टाकायची. हात आखूड असला आणि शाळेचा पट कमी असला, तर मी तो हात थोडा ओढूनही कानाला लावलेला आहे. ती चौदाच्या चौदा पोरं माझ्या अक्षरात एक जूनला जन्मली होती.

लीगच्या लोकांनी शेटना बोगस कागदवाला ठरवलं. तरी एक संधी दिली. ज्या मास्तरने हे लिहिलं, त्याने मूळ रजिस्टर घेऊन आठ दिवसांत समोर यावं आणि सांगावं.

शेट त्याच संध्याकाळी माझ्या घरी आले. "गुरुजी, एक दिवस चला ने माझ्याबरोबर," ते म्हणाले. "जे खरं आहे तेच बोला. माझ्यासाठी एकही खोटं बोलू नका."

मला निवृत्तीला सात महिने राहिले होते. सरकारी रजिस्टरात मी अंदाजाने तारखा लिहिल्या, हे परक्या लोकांसमोर सही करून सांगायचं? उद्या कुणी चौकशी लावली तर पेन्शन अडकली असती. असं मला वाटलं. खरंच अडकली असती का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित जावं लागलं असतं.

मी म्हणालो, रजिस्टर तपासणीसाठी तालुक्याला गेलंय. महिनाभर तरी येणार नाही.

रजिस्टर शाळेच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली, आम्ही बोलत होतो तेव्हा, माझ्या खिशात होती. शेटनी माझ्याकडे पाहिलं. मग बशीत ओतलेला चहा संपवला, "बरं," म्हणाले आणि गेले. त्या "बरं"मध्ये राग असता तर मला आजवर इतका त्रास झाला नसता.

टीम बाद झाली. शेटनी आणखी दोन महिने पगार दिला आणि मग पोरांना किनाऱ्यावर बोलावून स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी गेलो नाही. दिवाळीनंतर पोरं बोटींवर गेली. त्यांतल्या दोघांना त्याच लीगमधल्या एका मोठ्या क्लबने उचललं. मोठ्या क्लबच्या फाइलीतही त्यांची तारीख एक जूनच होती. तिथे ती कुणाला टोचली नाही.

माझी पेन्शन वेळेवर सुरू झाली. शेटना मी बाजारात दोनदा लांबून पाहिलं आणि दोन्ही वेळा रस्ता बदलला. त्यांना सगळं सांगून टाकायचं, असं रोज ठरवत होतो. २०१९च्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मी भ्याड माणूस आहे, हे मला तोवर नीट कळलेलं होतं. नुसतं कळून काही होत नाही.

तेराव्याला गेलो. कारखान्याच्या अंगणात मांडव घातला होता, गर्दी बेताची. पाच-सहा पोरं बोटींवरून सुट्टी काढून आली होती, उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेली. मी मागे उभा राहिलो होतो. गोलकीपरने मला पाहिलं, स्वतः उठला, खुर्ची हाताने पुसली आणि माझ्यासमोर आणून ठेवली.

"बसा गुरजी," तो म्हणाला. "तुम्ही आमच्यासाठी रजिस्टर घेऊन मुंबईपर्यंत गेला होता. तिथल्या लोकांनी ऐकलं नाय. शेटनी सांगितलं आम्हांला सगळं."

बाकीची पोरंही उठून उभी राहिली. मी त्या खुर्चीवर बसलो.