ड्रममधले पाहुणे

कोरपन्याजवळच्या आमच्या वावरात आईने हाताने लावलेली साठ संत्र्याची झाडं आहेत. मागच्या दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडत गेली. बुंध्यातून डिंक गळायचा, मूळ चिमटीत धरलं की साल सुटून यायची. औषधं ओतून मी वैतागलो होतो. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर झाडं उपटून हरभरा पेरायचा, असं मी आईला सांगून टाकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

शेवटचा उपाय म्हणून ट्रायकोडर्माची पाकिटं आणली. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला संपवणारी ही चांगली बुरशी. शेण, गूळ, बेसन आणि पाण्याच्या ड्रममध्ये ती वाढवायची होती. "जिवंत जीव आहेत, नीट सांभाळ," एवढं सांगून मी ड्रम आईवर सोपवला. आमच्या घरी कामाची वाटणी अशीच: मी सांगायचं, तिनं करायचं.

आठवडा झाला तरी ड्रमला ना फेस, ना आंबूस वास. माझा पारा चढला. गुळात हात आखडता घेतलास म्हणून मी तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आई वावरातली विहीर सोडून ड्रमसाठी गावच्या नळाचं पाणी डोक्यावर घेऊन येतेय. पावसाळ्यात त्या पाण्यात जंतू मारायला इतकी ब्लीचिंग पावडर टाकतात की चहालाही वास येतो. आमची बुरशी त्यात कशी जगणार?

"विहिरीचं काऊन नाई घेतलं?" मी विचारलं.

"तूच त म्हनला, थे जित्ते हायेत. मंग त्यायले विहिरीतलं पालापाचोळा पडलेलं पानी कसं देऊ?"

मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. मी तिला कधी धड समजावलंच नव्हतं. नवीन ड्रम आम्ही दोघांनी विहिरीच्या पाण्याने भरला. चौथ्या दिवशी फेस आला. निंबोळी पेंड आणि कुजलेल्या शेणखतासोबत ते पाणी झाडांना दिलं, वर पालापाचोळ्याचा थर घातला.

नऊ झाडं तरीही गेली. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी उरलेल्यांपैकी एकाच्या बुडाशी खुरप्याने उकरलं. मातीत पांढऱ्या, बारीक, नव्या मुळ्या दिसल्या. आई शेजारीच उकिडवी बसली होती. झाडं ठेवायची की नाही, हे तिनं तेव्हाही विचारलं नाही.

"झाक लवकर. ऊन लागून राह्यलं त्यायले."

मी माती ओढली. ती उठून पुढच्या झाडाकडे गेली, तिथे पदर डोळ्यांना लावून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.