पंचफुलाबाईंनी घासलेल्या नळ्या

अमरावतीतल्या आमच्या कॉलेजात, मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं परिचर आहे. पेट्री डिश धुणं, त्या निर्जंतुक करणं आणि पोरांवर ओरडणं ही माझी कामं. तिसरं मी मनापासून करतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना आधी डॉक्टर व्हायचं असतं. नंबर लागत नाही, मग तोंड पाडून इकडे येतात. तीन वर्षांनी कोणी डेअरीत दूध तपासतं, कोणी औषध कंपनीत लागतं, कोणी एम.एस्सी. करतं आणि तोंडं आपोआप सरळ होतात.

अकोटची संध्या मात्र पहिल्या दिवसापासून हसतच आली. वडील देवराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई पंचफुला शेतमजुरी करणारी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला संध्यानं तूर घेतली. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. ते वेगळे काढून नळ्यांत वाढवायचे होते. यात तिची नोकरीही अडकली होती. अकोल्याच्या एका जिवाणू खताच्या कारखान्यात नोव्हेंबरात मुलाखती होत्या, आणि तिथल्या साहेबांची अट एकच, स्वतः वाढवलेले जिवाणू घेऊन या.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीआधी नेमका आमचा फ्रीज बिघडला. जिवाणू जगावेत म्हणून संध्या नळ्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला अकोटला घेऊन गेली. मी अडवलं नाही, तेवढी चूक माझी.

घरी नागपूरला जाणारे पाहुणे उतरणार होते. पंचफुलाबाईंनी सगळं घर घासून काढलं. फ्रीजमधल्या नळ्यांत पांढरं, चिकट काहीतरी दिसलं. नासलं असेल, असं समजून त्यांनी नळ्या राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि अंगणात ओळीनं वाळत घातल्या. इतकं चोख निर्जंतुकीकरण मलाही जमत नाही.

संध्या प्रयोगशाळेत येऊन ढसाढसा रडली. मुलाखतीला बावीस दिवस उरले होते आणि हे जिवाणू उगवायलाच आठ-दहा दिवस घेतात. त्यात पहिल्या वेळी झाडं उपटताना तिच्या निम्म्या गाठी काळ्या मातीतच तुटून राहिल्या होत्या. मी तिला रागवायला तोंड उघडलं आणि चहा पाजला.

तुरीच्या मुळांवरच्या गाठी पुन्हा लागतील, एवढंच तिनं आईला फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई दारात उभ्या. काखेत ओलं पोतं, पोत्यात तुरीची चार झाडं, मुळांना मोठाली ढेकळं तशीच.

"काल सांजेला बुडात पाणी देल्लं, मंग चारी बाजूनं खणलं," त्या मला म्हणाल्या. "कंडक्टर म्हणे, पोतं डिकीत टाका. म्या म्हटलं, मले टाक डिकीत, पोत्याले हात लावू नको."

बादलीत भिजवल्यावर माती हळूहळू सुटली. गाठीच गाठी! संध्यानं एक कापली. आतून गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. मग ती गाठी पाण्यानं, स्पिरिटनं, पुन्हा पाण्यानं धुवायला लागली.

"म्या धुतलं तं रडली," पंचफुलाबाई म्हणाल्या, "अन् आता सोताच धुऊन रायली?"

आम्ही पोट धरून हसलो. संध्या मात्र मधेच थांबली. "आई, तीन वर्षं झाले. मी काय शिकून रायली, हे तुले कधी सांगतलंच नाही."

मग तिनं सांगितलं. बाहेरचे जंतू मारायचे, आतले जगवायचे. गाठीतला रस तिनं काचपट्टीवर पसरला आणि पंचफुलाबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"एवढुसे? अन् हे तुरीले खाऊ घालतात?"

"हो. अन् तूर त्यायले."

"मंग हे तं आपल्यासारखे मजूरच झाले," त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी डिशमध्ये पांढरे थेंब उगवले. त्या दिवशी मी कोणावरही ओरडलो नाही. ते पुन्हा एकदा नळ्यांत वाढवून घ्यायला जेमतेम वेळ मिळाला.

पुढचं मला मुलाखत झाल्यावर दोन दिवसांनी पेढ्यांसोबत कळलं. मुलाखतीत साहेबांनी नळ्या पाहून बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "समजा, मी शेतकरी. तुमच्या खताचं पाकीट मी काहून घेऊ?" बाकीच्या पोरांनी पुस्तकातल्या व्याख्या म्हणून दाखवल्या.

संध्या म्हणाली, "दादा, हे तुरीच्या मुळाशी राहणारे मजूर हायेत. रोजी मागत नाहीत, जेवण तुरीकडंच असते. फक्त गरम पाण्यात टाकू नका. माह्या आईनं टाकले, एकबी वाचला नाही."

साहेब खळखळून हसले. शेतकऱ्यांना समजावून सांगणारं माणूस त्यांना हवंच होतं. संध्याला तिथंच परीक्षेनंतर रुजू व्हायची तारीख मिळाली.

तिनं अकोल्याच्या स्टँडवरून आईला फोन लावला.

"लागली नोकरी!"

"खरंच? पण काय काय इचारलं, बाई?"

अकोटची बस फलाटाला लागली होती. संध्यानं ती सोडली, बाकावर नीट बसली आणि पहिल्या प्रश्नापासून आईला सांगायला लागली.