डाळिंबी बग्गी, तांबूस घोडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. दुसऱ्यांचे म्हणणे कागदावर मांडण्यात माझी हयात गेली. कोर्टाच्या फाटकाशी माझे टेबल आहे, आणि शाळा नववीत सुटली असली तरी माझ्या अर्जातला शब्द सहसा कोणी बदलत नाही. स्वतःचे म्हणणे मात्र एकदाही लिहिले नाही. का नाही? ते पुढे आपणांस कळेलच.

तसा मी सुखी माणूस आहे. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मला मान आहे. बारशाच्या नावापासून घराच्या रंगापर्यंत — हो, रंगापर्यंत — लोक मला विचारून ठरवतात. त्या रंगाचेच सांगायचे आहे.

माझा शेजारी दत्ताराम वरातीसाठी बग्गी चालवीत असे. त्याची घोडी सोनी, अंगाने तांबूस. शिंगरू होती तेव्हापासून तिला त्याच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी, वाढवलेले. त्यांच्या हातचे खाल्ल्याशिवाय ती जुंपून घेत नसे. बग्गी नव्याने रंगवायची वेळ आली तेव्हा दत्ताराम मला मुद्दाम तबेल्यात घेऊन गेला. "भाऊ, घोडीला शोभेल असा रंग सांगा. तुम्ही सांगाल तो."

मी तोंड उघडण्याआधीच वहिनी बोलल्या — "चिंतामणी." बोलून थांबल्या नाहीत. अंगावरच्या चिंतामणी साडीचा पदर त्यांनी सोनीच्या पाठीवर पसरला. त्या निळ्याशेजारी घोडी नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखी उजळली. मी ते पाहिले. स्वच्छ पाहिले.

मग "बरोबर" असे का म्हणालो नाही? कारण विचारले होते मला, आणि उत्तर दिले होते त्यांनी. माझ्या होकाराला मग काय किंमत उरली? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जनावराच्या अंगात जो रंग असतो, तोच गाडीने उचलून धरायचा असतो. डाळिंबी दे." असा नियम मी कुठे वाचला होता? — कुठेच नाही. तो मी तिथे उभ्या उभ्या तयार केला. वहिनींनी पदर काढून घेतला. "भावोजी म्हणतात तर तसंच करा," म्हणाल्या.

पहिल्याच वरातीत, लालबागच्या दिव्यांखाली, तांबूस घोडी डाळिंबी बग्गीत बुडून गेली. फुटपाथवरून कोणी ओरडले, "दत्तारामा, घोडी खंय रे? नवऱ्याक ढकलूक सांगलंस काय?" वऱ्हाडही हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी दत्ताराम माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माझे चुकले — एवढे म्हटले असते तर काय झाले असते? पेंटर पुन्हा आला असता, आणखी काय?

मी म्हणालो, "गाडीत दोष नाही. जनावर चुकले आहे. पांढरा घोडा आण."

होय — रंग बदलायचा सोडून मी घोडी बदलायला लावली.

सोनीला पनवेलकडचा एक माणूस घेऊन गेला. टेंपोत ती काही केल्या चढेना. शेवटी वहिनींनाच बोलवावे लागले. त्या गुळाचा खडा हातावर ठेवून फळीवरून आत गेल्या, आणि सोनी निमूटपणे त्यांच्या मागोमाग चढली.

पांढरा घोडा डाळिंबी रंगापुढे खुलला — फारच खुलला. दत्तारामाला वराती आवरेनात, आणि माझ्या नजरेची ख्याती परळपर्यंत गेली. दर दसऱ्याला वहिनी आपट्याची पाने सर्वांआधी माझ्या हातावर ठेवतात. "भावोजी, तुमच्यामुळे गाडीला रूप आलं." मी पाने घेतो. मला झोपही चांगली लागते. तेही लपवीत नाही.

पुढे रस्त्यावरच्या घोडागाड्या बंद झाल्या. दत्तारामाने बग्गीला बॅटरी लावली. यंदा ती पुन्हा रंगवायला काढली, तेव्हा तो हसत म्हणाला, "भाऊ, आता घोडाच नाही. आता कुठला पण रंग चालेल ना?" वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्याकडे पाहत राहिल्या. आता ना जनावराच्या अंगाचा प्रश्न होता, ना कुठल्या नियमाचा. चिंतामणी — एवढा एकच शब्द उच्चारायचा होता. पण तो उच्चारला की मागचे सगळे उघडे पडणार नव्हते का?

मी म्हणालो, "आहे तोच बरा."

वहिनी आत गेल्या. डाळिंबीचा दुसरा हात परवाच वाळला. बग्गी सुरेख दिसते आहे.